चाळीस सेकंदांची जाहिरात

पापडी, वसई
ता. ११ सप्टेंबर १९९५

प्रिय प्रल्हाद,

सप्रेम नमस्कार.

अक्षर माझंच आहे. एका प्लायवूडच्या फळीवर आडवे दोरे ताणून चौकट केली आहे. दोन दोऱ्यांच्या मधून पेन चालवायचं, ओळ संपली की बोटाने खालचा दोरा शोधायचा. अंतर तेरा मिलिमीटर. एखादी ओळ दुसरीवर चढली असेल तर कितवी ते कळव, म्हणजे तेवढा दोरा सरकवतो.

तू वसई सोडून नाशिकला गेलास त्याला सहा वर्षं झाली आणि माझे डोळे जाऊन अडीच. काचबिंदू. मोठ्या डॉक्टरांनी डोळ्यामागची नस सुकली, आता काही होणार नाही असं सांगितलं. चार मिनिटं बघून सांगितलं. मी बंद पडलेला रेडिओसुद्धा चार मिनिटांत कधी भंगारात काढला नाही.

आता कामाचं लिहितो. पॉलिन वाडीतलं आटोपून संध्याकाळी टीव्ही लावते. सेट तोच, चौऱ्याऐंशी सालचा ब्लॅक अँड व्हाइट, मी सुटे भाग आणून जोडलेला आणि तू सोल्डरची तार धरलेला. फणसाच्या लाकडाची पेटी अजून एका सुताने हललेली नाही. आतल्या स्पीकरवर मला नीट कळेना, म्हणून दुकानातला आठ इंची स्पीकर वेगळ्या पेटीत बसवून सेटला लागून डाव्या बाजूला ठेवला आहे. त्याचं चुंबकच इतकं जड आहे की पेटी हलवताना पॉलिन दर वेळी माझ्या नावाने काहीतरी पुटपुटते.

आवाजाच्या बटणाला मी कानशीने खाचा पाडल्या आहेत. मालिकेतली माणसं चौथ्या खाचेवर बोलतात. मग जाहिरात सुरू होते आणि घर दणाणतं. चाचपडत जाऊन दुसऱ्या खाचेवर आणावं लागतं. तेवढ्यात मालिका सुरू झाली की पुन्हा कुजबुज. हा फरक कोण करतं, स्टुडिओत की पुढे कुठे, ते मला कळलेलं नाही. दुसरं न कळलेलं म्हणजे, ज्या मालाची जाहिरात त्याचं नाव हे लोक तोंडाने का घेत नाहीत. ढोल वाजतात, बाई हसते, पाणी पडतं, संपलं. साबण होता की शाळेच्या पिशव्या, देव जाणे. "खालील नंबरवर फोन करा," म्हणतात. माझ्यासाठी खाली काय आहे? शेणाने सारवलेली जमीन.

अशीच एक जाहिरात गेले तीन आठवडे लागते आहे. संध्याकाळच्या मराठी बातम्यांच्या आधी. अलार्मच्या घड्याळाची टिकटिक मोजून लिहितो. एकूण चाळीस सेकंद. पहिले सहा सेकंद म्हाताऱ्याचा खोकला आणि पावलं. मग मुलगी म्हणते, "बाबा, डोळे बंदच ठेवा हं." मग कापड सोडवल्यासारखा, ओढल्यासारखा आवाज. मुलगी, "आता उघडा." तीन सेकंद काही नाही. मग म्हातारा, रडवेल्या आवाजात, "किती वर्षांनी बघतोय गं हा निळा रंग." व्हायोलिन. शेवटी जाड आवाजाचा पुरुष, "इतकी वर्षं थांबलात. आता थांबू नका." तीन स्वर, टिंग टिंग टोंग, आणि बंद.

प्रल्हाद, ते लोक डोळ्यांवरची पट्टी सोडत आहेत. कुठलं तरी इस्पितळ असलं पाहिजे, कुठलं तरी नवीन ऑपरेशन. नाव आणि नंबर पडद्यावर असणार. तुझ्याकडे हेच कार्यक्रम दिसतात. बघून मला कळव.

पॉलिनला का विचारत नाही म्हणशील. ती त्या चार मिनिटांवर विश्वास ठेवून बसली आहे. पुन्हा आशा धरली म्हणून ओरडेल नाहीतर रडेल, मला दोन्ही नको. शिवाय पडद्यावर काय चाललंय ते मी दुसऱ्याला विचारायचं, हे मला जमत नाही. लोक मला विचारायचे. जाहिरात लागली की मी तिला पाणी आणायला पाठवतो, कारण त्या चाळीस सेकंदांत माझं तोंड कसं होतं ते मला माहीत नाही.

घाई अशासाठी की पापडी नाक्यावरचा माझा गाळा पॉलिनचा चुलत भाऊ मार्सेल मागतो आहे. त्याला फोनचं बूथ टाकायचं आहे. दुरुस्तीचं दुकान अडीच वर्षं बंद आहे, तेव्हा त्याचं चूक नाही. पण डोळे येणार असतील तर मी चावी का देऊ? आणि येणार नसतील तर धरून का बसू? हे मला नक्की कळलं पाहिजे.

तुझी पत्रं पॉलिनच वाचून दाखवते. म्हणून उत्तरात इस्पितळ, डोळे असं काही लिहू नकोस. "ती वस्तू" एवढंच लिही. फोन करू नकोस, शेजारच्या दुकानात घ्यावा लागतो आणि सगळा नाका ऐकतो.

तुझा,
व्हॅलेरियन


नाशिक
ता. २६ सप्टेंबर १९९५

प्रिय व्हॅली,

नमस्कार. पत्र मिळालं. पाचवी आणि सहावी ओळ एकमेकांवर चढली आहे, आणि शेवटच्या पानावर तू एक अख्खी ओळ फळीवरच लिहिली असावीस, कागदावर फक्त तिची शेपटी आहे. बाकी अक्षर तुझं पूर्वी होतं त्याहून बरं आहे.

तू सांगितलेल्या वस्तूचा शोध घेतला. १५ तारखेपासून २५ पर्यंत, ओळीने अकरा संध्याकाळी. ऑफिसातून येऊन थेट खुर्चीत. आशालता म्हणते, "लोक जाहिराती लागल्या की उठतात, आमचे हे जाहिराती लागल्या की बसतात." पण ती वस्तू काही मिळाली नाही. बहुधा इकडे येत नसावी, किंवा आता बंद झाली असेल.

व्हॅली, मला वाटतं त्या वस्तूवर फार विसंबू नये. अशा वस्तू बाजारात खूप येतात, ऐकायला एक असतं आणि निघतं भलतंच. गाळ्याचं म्हणशील तर मार्सेल घरचा माणूस आहे. विचार कर.

आवाज कमीजास्त होतो त्याचं मलाही कोडंच आहे. स्पीकरच्या वायरीत दोन डायोड उलटसुलट टाकून बघ, मोठा आवाज कापला जाईल.

पॉलिनवहिनींना नमस्कार. वहिनी, यंदा वाडीतल्या केळ्यांची सुकेळी पाठवली नाहीत.

तुझा,
प्रल्हाद


पापडी, वसई
ता. ३ ऑक्टोबर १९९५

प्रिय प्रल्हाद,

डायोड टाकले. जाहिराती आता डब्यात बेडूक कोंडल्यासारख्या येतात. पॉलिनला आवडत नाही, मला चालतं.

पत्र पॉलिनने दोनदा वाचून दाखवलं, कारण मी दुसऱ्यांदा वाचायला सांगितलं. तू लिहितोस की अकरा संध्याकाळी बसलास आणि ती वस्तू मिळाली नाही. त्या अकरांपैकी सात संध्याकाळी ती जाहिरात लागली. तारखा १५, १६, १८, १९, २१, २२ आणि २५. १९ ला दोनदा. बातम्या तुझ्याकडेही त्याच, मालिकाही तीच. मालिकेत २१ तारखेला सून घर सोडून गेली, ते आशालतावहिनींना विचार. तेव्हा एक तर तुझा सेट बिघडला आहे, किंवा तुझे डोळेही गेले आहेत, किंवा तू मला खोटं लिहितो आहेस. यांतलं काय ते मला ठरवता येत नाही, आणि तिसरं असेल तर त्याचं कारण लागत नाही.

खर्च फार असेल म्हणून सांगत नाहीस का? तो माझा प्रश्न आहे. ऑपरेशन परदेशात होतं का? तेही सांग.

मार्सेल रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आला होता. ओट्यावर बसला, चहा घेतला. म्हणाला, "भाटुजी, शटरला गंज चढलाय. आतल्या वस्तू तरी हलवू या." मी म्हटलं, "आतल्या वस्तूंना जागा माहीत आहेत, त्यांना हलवायचं नाही." तो हसला. मी नाताळपर्यंत मुदत मागून घेतली आहे. नाताळला चावी त्याच्या हातात, नाहीतर स्पष्ट नाही. शब्द दिला आहे.

परवा पॉलिनने मला विचारलं, "ती वस्तू म्हणजे काय?" मी म्हटलं, एक पार्ट आहे. ती म्हणाली, "कशाचा?" मी म्हटलं, माझा. ती स्वयंपाकघरात निघून गेली. उत्तर चुकलं हे मला कळलं, पण कसं चुकलं ते नाही.

खरं काय ते लिही.

व्हॅलेरियन


पापडी, वसई
ता. १६ ऑक्टोबर १९९५

प्रल्हादभावोजींना पॉलिनचा नमस्कार.

हे पत्र मी वसईतल्या होळी नावाच्या बाजारात भाजी देऊन झाल्यावर पोस्टात बसून लिहिते आहे. ह्यांना माहीत नाही. ह्यांची पत्रं मी वाचत नाही, ते स्वतः चिकटवतात आणि काठी घेऊन एकशे अठ्ठ्याऐंशी पावलं मोजत पेटीत टाकून येतात. पण तुमचं मला वाचावं लागतं, आणि त्यात ती "वस्तू" आहे. ती कसली वस्तू ते मला सांगा. ह्यांनी सांगितलं की पार्ट आहे. पार्टसाठी माणूस दिवाळी-नाताळाच्या तोंडावर जेवण सोडत नाही. आधी मला वाटलं दारू. मग वाटलं, तुमच्याकडून काही औषध मागवतात. औषध असेल तर भावोजी, देऊ नका. नाशिकचं औषध म्हणून आमच्या शेजारच्या ॲन्सेल्मने घेतलं होतं, त्याच्या अंगावर गांधी उठल्या.

आणखी एक सांगायचं आहे, त्याचा ह्या वस्तूशी संबंध नसेल. बातम्यांच्या आधी रंगीत टीव्हीची एक जाहिरात लागते. म्हाताऱ्या बापाला मुलगी डोळे मिटायला लावते, टीव्हीवरचं कापड ओढते आणि आतमध्ये समुद्र दिसतो. आमच्या सेटवर तो करडाच दिसतो. ती लागली रे लागली की हे मला म्हणतात, "पाणी आण." आधी मी जायची. आता दाराआड उभी राहून बघते. हे मान खाली घालून बसलेले असतात, ओठ हलत असतात, जसं काही मोजतात.

मला वाटतं, ह्यांना भीती आहे की मी रंगीत टीव्ही मागेन. डोळे जायच्या आधी मी एकदा बोलून गेले होते. बहिणीकडे बघून आले होते म्हणून. तेव्हा हे म्हणाले होते, "माझा सेट चालतो आहे तोवर घरात दुसरा यायचा नाही." राग नव्हता, पण शब्द तसे होते. नंतर डोळे गेले. ज्याला दिसत नाही त्याच्याशेजारी बसून रंग मागायचे, एवढी मी निर्लज्ज नाही. पण हे मी ह्यांना कसं सांगू की मला नको आहे? सांगितलं तर वाटेल, हवा आहे म्हणून बोलते.

मार्सेलला मीच तयार केलं आहे. गाळ्याकडे बोट दाखवून लोक "बिचारा" म्हणतात ते मला ऐकवत नाही. माझं चुकलं का?

सुकेळी वाळत घातली आहेत. पाठवते.

पॉलिन


नाशिक
ता. ३० ऑक्टोबर १९९५

प्रिय व्हॅली, आणि वाचणाऱ्या पॉलिनवहिनी,

वहिनी, हे पत्र तुम्हीच मोठ्याने वाचत आहात. मधे थांबू नका, काही गाळू नका. आधी खुर्ची घेऊन बसा. व्हॅली, तूही बस.

तुम्हा दोघांची पत्रं माझ्या टेबलावर शेजारी शेजारी पडली आहेत आणि मी आठवडाभर त्यांच्याकडे बघतो आहे. व्हॅली, वहिनींनी मला पत्र लिहिलं. वहिनी, हे सांगून टाकतोय, रागावू नका. एकाला खोटं लिहिलं, आता दुसऱ्यालाही लिहायचं म्हटल्यावर मला झोप लागेना.

व्हॅली, तुझ्या सातही तारखा बरोबर आहेत. मी ती जाहिरात पहिल्याच संध्याकाळी बघितली. ते इस्पितळ नाही. ती रंगीत टीव्हीची जाहिरात आहे. मुलगी बापाला चकित करायला डोळे मिटायला लावते. जो आवाज तुला पट्टी सोडल्यासारखा वाटला, तो टीव्हीवर झाकलेलं कापड ओढल्याचा. बाप इतकी वर्षं ब्लॅक अँड व्हाइट बघत असतो, म्हणून निळ्या रंगाचं बोलतो. कंपनीचं नाव शेवटी मोठ्या अक्षरांत येतं, तीन स्वर वाजतात तेव्हा. तोंडाने कोणी घेत नाही. शब्द न् शब्द तू बरोबर ऐकलास. त्या शब्दांवरून डोळे मिटून मीसुद्धा इस्पितळच म्हटलं असतं. मी तसं करून बघितलं.

मी "मिळाली नाही" लिहिलं, कारण तुला हे सांगणारा मी व्हावं असं वाटेना.

वहिनी, ती वस्तू म्हणजे हीच. ह्या जाहिरातीतून आपले डोळे परत येतील असं त्याला वाटत होतं. पाणी आणायला पाठवायचा तो तुम्ही टीव्ही मागाल म्हणून नव्हे. व्हॅली, आणि वहिनींना वाटत होतं की तू त्यांनी रंगीत टीव्ही मागू नये म्हणून त्यांना बाहेर काढतोस. आता तुम्ही दोघं काय ते बघा. मला ह्यातून सोडा.

तुमचा,
प्रल्हाद


पापडी, वसई
ता. ७ नोव्हेंबर १९९५

प्रल्हाद,

पत्र मिळालं. वाचून झालं.

पॉलिन "इस्पितळ नाही" ह्या शब्दांवर थांबली. मी म्हटलं, वाच. तिने वाचलं, शेवटपर्यंत, काही गाळलं नाही. मग म्हणाली, "ह्यासाठी मला पाणी आणायला पाठवत होतात?" मी म्हटलं, "तुला काय वाटलं होतं?" ती म्हणाली, "आता भावोजींनी लिहिलंच आहे की." मग तिने भात चढवला.

कापडाच्या आवाजाचं तेवढं लिहितो. पट्टी सुती असते, तिचा आवाज कोरडा येतो, तुटक येतो, कारण ती गोल गोल सुटते. जाहिरातीतला आवाज एका दमात आला होता आणि त्यात चकाकी होती, रेशमी कापडाला असते तशी. मला फरक ऐकू येत होता. मी तो ऐकला आणि बाजूला ठेवला. ह्या वयात, ह्या धंद्यात, एवढी चूक मी दुसऱ्या कोणाला माफ केली नसती. आणि जाहिरात कशाची होती, तर टीव्हीची.

मार्सेलला निरोप दिला आहे. नाताळला चावी देतो.

व्हॅलेरियन


पापडी, वसई
ता. २९ डिसेंबर १९९५

प्रिय प्रल्हाद,

तुझी मधली दोन पत्रं मिळाली, उत्तर दिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे, आणि ते क्रमाने लिहिलं नाही तर मलाच कळणार नाही.

ऑपरेशन निघालं तर असू दे म्हणून मी पोस्टात काही पैसे टाकून ठेवले होते. ते काढले आणि २० तारखेला रंगीत सेट आणला. त्या जाहिरातीतला नव्हे. ज्या कंपनीला स्वतःचं नाव तोंडाने घेता येत नाही तिचा माल मी घेणार नाही. पॉलिनला आधी सांगितलं नाही. हमाल दारात पेटी घेऊन उभा राहिला तेव्हा ती म्हणाली, "कोणाचं चुकून इकडे आणलंत?" मी म्हटलं, "तुझं."  तिने हमालाला दोन केळी दिली.

फणसाच्या पेटीतला सेट आतल्या खोलीत नेऊन ठेवला. नवा त्याच्या जागी. माझा स्पीकर शेजारी होता तिथेच. नव्या सेटला बटण नाही, रिमोट आहे. आवाज किती आहे ते पडद्यावर पट्टी दाखवते म्हणे. म्हणजे खाचाही गेल्या. मी तळापर्यंत आणून वर दाबत मोजतो. मालिकेला चौदा दाब, जाहिरातीला आठ. हे पुढारलेलं तंत्र.

लावला. विचारलं, "कसं आहे?" पॉलिन म्हणाली, "चांगलं आहे." प्रल्हाद, करपलेली भाजी दुसऱ्याच्या घरी वाढली गेली की ती ज्या सुरात चांगली म्हणते, तो सूर मी ओळखतो. तीन दिवस तेच. चांगलं आहे, छान आहे. मला कळेना. एवढ्या वर्षांनी रंग आले आणि बाईच्या आवाजात काही नाही. मला वाटलं, उशीर झाला. काही गोष्टी वेळेवर दिल्या नाहीत तर मग त्यांचं काय होतं ते मला माहीत नव्हतं, आता कळलं, असं वाटलं.

चौथ्या दिवशी मी सरळ विचारलं, "काय कमी आहे ते सांग. मी बिघडलेले सेट दुरुस्त करायचो, बिघाड लपवणारी गिऱ्हाइकं मला आवडायची नाहीत." तेव्हा म्हणाली, "डावीकडची माणसं हिरवी दिसतात. बातम्या देणारी बाई मधे बसली की तिचा एक गाल ठीक असतो आणि एक हिरवा." मी म्हटलं, "चार दिवस बोलली का नाहीस?" म्हणाली, "तुम्ही हौसेने आणलात. आणि मला वाटलं, रंगीत टीव्ही असाच असेल."

मग मी बसलो. पिक्चर ट्यूब वाईट म्हणावी तर सगळीकडे दिसलं असतं. ॲडजस्टमेंट म्हणावी तर नवा सेट. पॉलिनला विचारलं, हिरवा डाग कुठून सुरू होतो? तिने माझं बोट धरून काचेवर फिरवलं. डावा वरचा कोपरा, तिथून खाली अर्ध्यापर्यंत, काठाला गडद, मधे येता येता फिका. बोट उचललं, हात डावीकडे घसरला आणि माझ्याच स्पीकरच्या पेटीवर आपटला.

आठ इंची. एवढं चुंबक. अडीच वर्षं मी तो टीव्हीला चिकटवून ठेवला होता, आणि ब्लॅक अँड व्हाइटला बिघडायला रंगच नव्हते, म्हणून चाललं. रंगीत सेटजवळ चुंबक आणू नये हे मी नाक्यावर शंभर लोकांना सांगितलं असेल. माझ्या घरात मीच ठेवलं. मी हसायला लागलो, पॉलिन म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "तुझ्या टीव्हीला मी चावलो."

स्पीकर खोलीच्या त्या टोकाला नेला. सेट बंद करून पुन्हा लावला. पॉलिन म्हणाली डाग फिका झाला, गेला नाही. त्यासाठी कॉइल फिरवावी लागते. तारेचं मोठं कडं, विजेवर चालणारं, काचेसमोर गोल फिरवत मागे मागे यायचं, म्हणजे चुंबकाचा असर उतरतो. माझी कॉइल दुकानात होती. तीन नंबरच्या खिळ्यावर.

ती नाताळच्या आदल्या दिवशीची सकाळ. घराघरांतून तळणाचा वास, आणि आम्ही दोघं शटरच्या फटीत तेल ओतत उभे. शटर वर गेलं तसा आतला वास आला, सोल्डरचा, धुळीचा, जुन्या रेडिओचा. पॉलिन म्हणाली, "लाईट लावते." मी म्हटलं, "कशाला?" आणि तीन पावलं जाऊन उजवा हात वर केला. कॉइल तिथेच होती. पॉलिनला ते आवडलं असावं, कारण तिने काही टोमणा मारला नाही.

परत निघणार तेवढ्यात शेजारचा ॲन्सेल्म दारात. "उघडलं का? माझा ट्रान्झिस्टर घरघर करतो." मी म्हटलं, "नाही उघडलं." पॉलिन म्हणाली, "ठेव इथे." तिने मला विचारलं नाही.

घरी कॉइल फिरवली. मी काचेसमोर, ती माझ्या मागे खुर्चीवर. "वर. आणखी वर. तिथे नाही, कानाजवळ." "कुणाच्या कानाजवळ?" "टीव्हीतल्या माणसाच्या." "माझ्यापासून किती?" "वीतभर डावीकडे. हां. आता मागे या, हळू. टेबल आहे." मी मागे आलो. ती म्हणाली, "गेला." मी विचारलं, "नक्की?" म्हणाली, "गेला म्हणजे गेला. पुसल्यासारखा गेला."

प्रल्हाद, अडीच वर्षांनी मी एक सेट दुरुस्त केला. अर्धा तिने केला, हे मान्य आहे.

त्या संध्याकाळी ती जाहिरात लागली. म्हाताऱ्याचा खोकला, पावलं, कापड. मी पाणी मागितलं नाही. "किती वर्षांनी बघतोय गं हा निळा रंग." मी पॉलिनला विचारलं, "दिसतो का निळा?" ती खुर्ची पुढे सरकवून बसली. मग म्हणाली, "पुन्हा ते कडं फिरवा. अजून बिघाड आहे."

"का?"

"समुद्र इतका निळा असतो का कुठे? आपल्या किल्ल्यामागे जाऊन बघा. मातीचा आहे, करडा आहे. हा काहीतरी शाईसारखा."

मी तिला समजावलं की डाग गेला आहे, रंग बरोबर आहे, ती जाहिरातच तशी आहे. तिला पटलं नाही. अजून पटलेलं नाही. काल मालिकेतल्या सुनेची साडी तिने नीट सांगितली, काठसुद्धा, पण समुद्र चुकीचा आहे म्हणते. कोणाचं खरं ते मला सांगता येत नाही. मी सेट बघू शकत नाही आणि तिने दुसरा समुद्र बघितलेला नाही.

मार्सेल नाताळला केक घेऊन आला. चावी मागितली नाही, पण पॉलिन म्हणते, हात खिशाबाहेर होता. चावी देतो असा निरोप मीच दिला होता, पण पहिला शब्द होता, चावी नाहीतर स्पष्ट नाही. मी स्पष्ट नाही म्हटलं. तो म्हणाला, "भाटुजी, एकटे कसं करणार?" पॉलिन आतून म्हणाली, "सकाळी नऊ ते अकरा उघडतोय. भाजी देऊन आल्यावर मी बसायला जाते. फक्त बसायला." ॲन्सेल्मच्या ट्रान्झिस्टरची घरघर काल काढली. बटणाखालची धूळ होती. त्यासाठी कोणाचे डोळे लागले नाहीत. पण बाहेर पाटी लावायची आहे, त्यावर "रंगीत सेटची कामं घेतली जातील" असं पॉलिन लिहिणार आहे. शुद्धलेखन तू तपासून दे.

ह्या पत्रातली कुठली ओळ चढली ते कळवू नकोस. ती शेजारी बसून बघते आहे. आतापर्यंत दोनदा माझा हात धरून खाली आणला.

तुझा,
व्हॅलेरियन

भावोजी, तीनदा. आणि समुद्र चुकीचाच आहे. सुकेळी वेगळी पाठवली आहेत. — पॉलिन